हळू हातानं

ताकाचा पेला तोंडाला लावला आणि मनुबाईंनी तो लगेच खाली ठेवला. गालावर हात दाबून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, थंड लागलं की दात लय शिवशिवत्यात. कळ पार मस्तकात जाती."

हंबीरराव आमटीत भाकरी कुस्करत होते. एकाहत्तरची लढाई झाल्यावर ते पलटणीतून निवृत्त होऊन शिराळ्याजवळ आपल्या गावी ऊस करायला आले होते. भाकरी कुस्करून खायची, पाणी कोमट प्यायचं, या सवयी फौजेतल्याच, असं ते सांगत. दुखण्याखुपण्याचं रडगाणं त्यांना खपत नसे.

"काढून टाक सगळं," ते म्हणाले. "दादानं न्हाई का काढलं? परत ब्र काढला न्हाई त्येनं."

त्यांचे थोरले भाऊ भाऊसो बाजारातल्या दात काढणाऱ्यापुढं बसले होते, हे खरं. नंतर ते तापानं फणफणले आणि कवळी कधी नीट बसलीच नाही. आता ते पेजेवर होते. मनुबाईंनी वाद घातला नाही. एसटी धरून त्या एकट्याच सांगलीला दातांच्या डॉक्टरांकडं जाऊन आल्या.

येताना मऊ ब्रशांची जोडी आणली, एक झिजला तर दुसरा म्हणून. डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं. राखुंडीनं खसाखसा घासून हिरड्या मागं सरकतात, दातांची मुळं उघडी पडतात, म्हणून थंड झोंबतं. राखुंडी बंद करायची, मिठाच्या कोमट पाण्यानं चुळा भरायच्या, ब्रश हळू फिरवायचा. चांगले दात काढायचे नाहीत.

राखुंडीचा डबा त्याच दिवशी उकिरड्यावर गेला.

ब्रश मात्र आपल्या हाताला वळत नाही, असं मनुबाई म्हणू लागल्या. फौजेत रोज ब्रशच होता ना, मग जरा दाखवा. हंबीररावांना शिकवायची हौस होतीच. रोज सकाळी अंगणात ते ब्रश घेऊन उभे राहत. हात जोरात चालला की मनुबाई अडवत. डॉक्टरांनी हळू सांगितलंय, परत दाखवा. कुरकुरत का होईना, ते परत दाखवत.

पुढं उघड्या मुळांवर औषध लावायला डॉक्टरांनी बोलावलं. हंबीरराव सोबत गेले. खुर्चीपाशी मनुबाईंचे पाय अडले.

"आदी त्येंना लावा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "त्येंना काय हुतंय ते बघते, मग मी."

हंबीरराव हसले आणि रुबाबात खुर्चीत बसले. डॉक्टरांनी दात कापसानं कोरडे करून सावकाश औषध लावलं. हंबीररावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते, पण हूं की चूं केलं नाही. मग मनुबाई बसल्या. पुढच्या खेपांनाही असंच झालं.

उन्हाळ्यात शेवटच्या खेपेला सांगलीच्या स्टँडबाहेर दोघांनी बर्फ घातलेला उसाचा रस घेतला. मनुबाईंनी ग्लास एका दमात रिकामा केला, जराही तोंड वाकडं न करता. हंबीररावांनी आपला संपवून आणखी एक मागवला. गावात पोचल्यावर ते थेट भाऊसोंच्या ओसरीवर गेले, उसाचं कांडं दातांनी सोललं आणि जमलेल्या माणसांना ऐटीत म्हणाले, "बायकूचं दात वाचवलं म्या. लय भित्री. म्होरं मी बसलो म्हनून जमलं."

मनुबाईंनी मान डोलावली.

गुऱ्हाळ सुरू झाल्यावर त्या गुळाची ढेप घेऊन डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टर हसत म्हणाले, "पहिल्या दिवशी तुमचे दात तपासले, तेव्हा एकही दुखरा सापडला नव्हता. आता तरी त्यांना खरं सांगा."

"कशाला?" मनुबाई म्हणाल्या. "दुकतंय असं त्येंच्या तोंडातनं कवाच निघालं नसतं. दातच निघालं असतं."