डॅमेज हात

"हा अर्ज कोणी लिहिला?" सुलोचनाबाईंनी चष्मा सरकवत विचारलं.

"कचेरीसमोरच्या टायपिंगवाल्यानं. मी सांगतलं तसंच मारलं त्यानं, हात डॅमेज झाला म्हून," तानाबाई म्हणाली. "तर जिनातला मॅनेजर हासला, बाई. म्हने, डॅमेज रुईच्या गाठीले होते, मानसाले नाई. नीट लिवून आन."

वीस वर्षं जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, राबलेल्या तानाबाईला दुसरा शब्द ठाऊक नव्हता. तिथे कापूस भिजला तरी डॅमेज, मशीनचा पट्टा तुटला तरी डॅमेज. मार्चमध्ये मशीननं तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, तेव्हाही बाया तेच ओरडल्या होत्या.

सुलोचनाबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्याला सहा वर्षं झाली होती, पण आवाज वर्गातलाच निघाला. "वस्तू बिघडली तर डॅमेज. कोणी चाकू मारला तर वूंड. यंत्रात सापडून लागलं तर इंजुरी."

"त्यायच्याकडं लागाचे बी इतके परकार!" तानाबाई हसली. "आपल्याले नुसतं लागते."

बाईंनी इंजुरी लिहिलं. जखम भरली आहे, दिवाळीनंतरच्या हंगामात कामावर घ्यावं, मशीनवर नाही तर निदान कापूस निवडायला, असंही लिहिलं. मग पेन थांबलं.

"आता दुखतं का? ते लिहावं लागेल."

"दुखते. पन नाई लिवा. दुखते म्हटलं तर घेत नाईत."

"मुलगा पैसे पाठवतो ना? मग कशाला जाता पुन्हा त्या धुळीत?"

"तिथं चार बाया रायतात बोलाले. घरी काय भिंतीसंग बोलू?"

सुलोचनाबाईंच्या घरातही दुसरं कोणी नव्हतं, पंखा तेवढा फिरत होता. त्यांनी विचारलं, "दुखतं कुठे नेमकं?"

तानाबाईनं हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. तिनं त्या रिकाम्या जागेत, हवेतच बोट दाखवलं. "अथी. जे नाई ना, तेच दुखते. एकटी बसली का जास्तच. त्याले काय म्हन्तेत, बाई, इंग्रजीत?"

बाईंनी बराच वेळ शब्द शोधला. "मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. पस्तीस वर्षांत वर्गात हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं.

मग त्यांनी कागदावर लिहिलं, आता काही दुखत नाही.

"अंगठा द्या."

"तो ठेवला मशीननं."

बाईंनी तिचा तोच उजवा हात हातात घेतला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर टेकवला. हात सोडणार तोच तानाबाई म्हणाली, "जराकसा धरून ठेवा, बाई. आता नाई दुखून राह्यलं."

अंगठ्याची शाई वाळून गेली तरी दोघी तशाच बसून होत्या.