रंगुबाईला निरोप गेलाच नव्हता

"थांबलीस का? वाच की म्होरं," राहीबाई म्हणाल्या.

"झाली, आत्याबाई. एवढीच हाय."

मलकापुरातल्या त्या घराच्या सोप्यात तिघी बसल्या होत्या. सासू राहीबाई, थोरली सून हरणाबाई आणि धाकटी विजयमाला. बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायचं काम चाललं होतं. विजयमालाच्या मांडीवर मात्र सुपाऐवजी कागद होते. गोष्ट तिनं स्वतः लिहिलेली, सांगलीच्या एका मासिकानं दिवाळी अंकासाठी मागवलेली. घरात तिला लेखिका म्हणायची पद्धत अजून पडली नव्हती. "कागद खराब करती" एवढ्यावरच भागायचं. नवऱ्यानं, हंबीररावांनी, बरेच आढेवेढे घेऊन शेवटी चेंडू आईच्या अंगणात टाकला होता. "आईला वाचून दाव. तिला पटली तर धाड, न्हाईतर चुलीत घाल."

आणि गोष्ट तर घरातलीच. थोरला लेक अर्जुना पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या लढाईत पडला. त्याची तार आली त्या दिवसाची ही गोष्ट. विजयमालानं नावं बदलली होती, पण सोप्यात बसलेल्या कुणाला त्यानं फसवता येणार नव्हतं. हरणाबाई, अर्जुनाची बायको, वाचन सुरू झाल्यापासून मान वर न करता शेंगा फोडत होती.

राहीबाईंनी फोलपटं बाजूला सारली.

"ही न्हाई जायाची."

विजयमालानं मांडीवरचे कागद सावरले. सासूचं मन मोडू नये म्हणून तिनं शेवट किती जपून केला होता! "आवडली न्हाई?"

"त्यात बांगड्या फोडाय येती ती म्हातारी कोन? रंगुबाई व्हय?"

"व्हय. म्हंजे, रीत हाय न्हवं? गल्लीतली इधवा बाईच फोडती..."

"रीत मला शिकवू नगंस. रंगुबाईला निरोप तरी गेला व्हता का? बिचारीच्या माथी कशापायी मारलंस?" राहीबाईंचा आवाज चढला. "आन त्या सासूनं म्हनं सुनंला पोटाशी धरलं, ढसाढसा रडली. कवा रडले मी?"

विजयमालानं शेवटचं पान पुन्हा वर घेतलं. तो परिच्छेद एका बैठकीत उतरला होता, टाक कुठंच अडला नव्हता. तेव्हाच ओळखायला हवं होतं. आधीच्या पानांवर एकेका वाक्यासाठी तिनं जीव काढला होता, आणि हा शेवट मात्र गुळगुळीत, आपसूक आलेला. परवानगीसाठी लिहिलेला. तिला स्वतःची लाज वाटली.

"निरोप धाडायलाबी मला दम निगला न्हाई," राहीबाई म्हणाल्या. त्या सुनांकडं बघत नव्हत्या, समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. "माजं प्वार गेलं आन हिच्या हातात हिरवा चुडा खुळखुळतोय, त्येचा मला राग आला. माजा धनी जिता, माज्या कपाळाला कुक्कू, तरी मीच हिचा हात वढला, उंबऱ्यावर ठिवला आन फोडल्या. दगड घिऊन. 'खाल्लंस माज्या लेकाला' म्हनले. पोटाशी धरलं म्हनं! अजून धरलं न्हाई."

हरणाबाई शेंगा फोडतच होती.

"त्ये लिव्ह," राहीबाई म्हणाल्या. "तसं लिवशील तर धाड."

"आत्याबाई, मासिक हाय त्ये. सगळीकडं जातं. लोक काय म्हनतील?"

"मी केलं तवा लोकं व्हतीच की दारात. कुनी माजा हात धरला न्हाई."

विजयमाला उठली. दौत आणि टाक घेऊन आली, तिथंच फोलपटांत मांडी ठोकून बसली आणि शेवटचं अख्खं पान उभी रेघ मारून खोडलं. मन घट्ट झालं होतं. मासिक छापो न छापो, हंबीरराव काहीही म्हणोत, आता हे असंच लिहायचं. ती लिहू लागली. या खेपेला टाक दर ओळीला अडत होता. एक शब्द लिहावा, खोडावा, सासूच्या तोंडाकडं बघावं, पुन्हा लिहावा. बऱ्याच वेळानं चार ओळी झाल्या. तिनं त्या मोठ्यानं वाचल्या. सासूनं सुनेचा हात ओढला, उंबऱ्यावर ठेवला आणि दगडानं...

"दगड न्हवता," हरणाबाई म्हणाली.

दोघींनी तिच्याकडं पाहिलं. त्या दिवसाबद्दल तिनं आजवर या घरात अवाक्षर काढलं नव्हतं. विजयमालाही त्या दिवशी तिथंच होती, नवी नवरी, दाराच्या आड. राहीबाईंचा हात वर गेलेला तिनं पाहिला होता, आणि मग तोंड फिरवलं होतं.

"मग काय व्हतं, अक्का?" तिनं विचारलं.

"वरवंटा. चटनीचा." हरणाबाईनं सूप खाली ठेवलं. "चुलीम्होरं हाताला त्योच गावला त्यास्नी. मीच धुतला मागनं. रोज त्यानंच वाटती मी."

राहीबाईंनी पदर तोंडाला लावला, पण डोळे कोरडेच होते. विजयमालाचा टाक कागदावर टेकलेला, शाईचा थेंब पसरत चाललेला. लिहावं की न लिहावं, म्हणून ती सासूकडं बघत राहिली.

"माज्याकडं काय बगतीस?" राहीबाई म्हणाल्या. "ती सांगतीया. लिव्ह."