वरिष्ठ सूत्र

गादीतला फोम फुगवायला जो गॅस लागतो, त्याच्या जागतिक बाजारावर अहवाल लिहायचं काम माझ्या बायकोच्या गळ्यात पडलं; तिचं ऑफिस असे अहवाल कंपन्यांना विकतं. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझा धाकटा भाऊ गादीच्या कारखान्यात खरेदी बघतो, हे तिला ऐन वेळी आठवलं.

जेवताना तिने सहज विचारलं, "भाऊजी, तो तुमचा गॅस पुढच्या वर्षी महागेल का हो?"

भाऊ मोबाइलवर मॅच बघत होता. "महागेल की. हल्ली स्वस्त काय होतंय?" असं म्हणून त्याने वाढायला ताट पुढे केलं.

अहवालात छापून आलं, 'उद्योगातील वरिष्ठ सूत्रांच्या मते मोठी भाववाढ अटळ आहे.' देशोदेशीच्या कंपन्यांनी तो वाचला, घाबरून गॅसचा साठा केला, आणि भाव खरंच आभाळाला भिडले. बायकोला बढती मिळाली.

काल भाऊ जेवायला आला तो तोंड पाडूनच. त्याच्या कारखान्यातला गॅस संपलाय, मशिनं बंद पडलीत. साहेबांनी तो अहवाल त्याच्या टेबलावर आपटला आणि विचारलं, "अख्ख्या जगाला आधी कळलं, मग तुलाच कसं कळलं नाही?"

बायकोने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

"वहिनी, अहवाल तुमच्याच ऑफिसातून निघालाय. त्या वरिष्ठ माणसाचा नंबर तेवढा मिळवून द्या ना, साहेबांना माझ्या जागी त्याला घ्यायचंय."