उलटी बाही

शिंप्याच्या दुकानात दोघे भाऊ शेजारी शेजारी मशीनवर बसत. मानसिक आजारातून धाकटा सावरला होता, पण गोळ्या चालूच होत्या, आणि दिवसभरात त्याच्या हातून जेमतेम एक शर्ट पुरा व्हायचा. थोरला गिऱ्हाइकांदेखत ओरडायचा, "अरे, जागा हो! झोपेत शिवतोस का?" धाकटा मान खाली घालून सुईत दोरा ओवायचा.

आज सकाळी थोरल्याचं डोकं ठणकत होतं. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालता घालताच त्याने दोघांच्या औषधांच्या खणात हात घातला, एक गोळी काढली आणि चहाबरोबर गिळली. दुपारपर्यंत त्याची जीभ जड झाली. छातीचं माप घेतलं, ते टेप गुंडाळेपर्यंत विसरला. शेवटी शर्टाला बाही उलटी लावून तो तिच्याकडे नुसता बघत बसला. काय चुकलंय तेच कळेना.

धाकट्याने आपली गोळी घ्यायला खण उघडला. पाकिटातली एक कमी होती. तो भावाजवळ आला.

"दादा, तू चुकून माझी गोळी घेतलीस. घाबरू नकोस, आडवा हो जरा. उद्यापर्यंत उतरेल."

थोरल्याला मान वर करवेना. "तुला... रोज असं होतं?"

धाकट्याने त्याच्या हातातला शर्ट हळूच काढून घेतला.



"बाही मी लावतो. अशा डोक्यानं शिवायची मला सवय आहे."