मीठ-मोहरी

"हलू नको," सगुणाआत्या म्हणाली, आणि वेदिका हलली नाही.

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेला थोडाच वेळ उरला होता. अशा परीक्षेला उमेदवाराच्या घरचे परीक्षकांसाठी जेवण आणतात, म्हणून आत्या लासलगावहून पोळ्यांचा डबा घेऊन गंगापूर रोडवरच्या कॉलेजात थेट प्रयोगशाळेत येऊन थडकली होती. डबा खिडकीत ठेवला आणि पदराच्या गाठीतली मीठ-मोहरी मुठीत घेऊन तिने भाचीवरून ओवाळायला सुरुवात केली. "आल्यागेल्याची, पैपाव्हण्याची, शेजारणीची," ती पुटपुटत होती. वेदिकाचं लक्ष लॅपटॉपच्या पडद्यावर होतं.

"इथं इस्तव कुठंय?"

"नाही गं इथे. टाकून दे कुठेतरी."

कुठेतरी टाकायला दृष्टीचं मीठ म्हणजे काय कचरा आहे? विस्तव नसेल तर ते पाण्यात सोडतात, एवढं आत्याला कळत होतं. समोर टेबलावर काचेचे दोन चंबू होते, उघडेच, आणि दोन्हींत सुंदर लाल पाणी. कॉलेजवाल्यांनी साहेबांना ओवाळायला हळद-चुन्याचं पाणी करून ठेवलंय, असं तिला वाटलं. तिला कॉलेजचं कौतुकही वाटलं. एकाला जास्त एकाला कमी नको, म्हणून तिने मूठ दोन्हींत निम्मी निम्मी सोडली.

डावीकडच्या चंबूतलं पाणी बघता बघता निळं पडलं.

"बघ," आत्या म्हणाली. "केवढी लागली व्हती."

वेदिकाने वळून पाहिलं आणि ती स्टुलावर बसलीच. ते पाणी नव्हतं, ते सोनं होतं. सोन्याचे कण इतके बारीक केले की ते पिवळे राहत नाहीत, लाल दिसतात. प्रत्येक कणावर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत आणि पाण्यात सुटे सुटे तरंगत राहतात. मीठ पडलं की हा दुरावा संपतो. कण एकमेकांना चिकटतात, पाणी निळं होतं आणि शेवटी सगळं तळाशी बसतं. वेदिकाचा सगळा प्रबंध या एकाच दुखण्यावरचा होता. कणांना बाभळीच्या डिंकाचं आवरण दिलं तर मीठही त्यांचं काही बिघडवू शकत नाही, असं तिने छातीठोकपणे लिहिलं होतं. तपासलं होतं मात्र थेंबाथेंबाने. मुठीने मीठ घालायचं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मार्गदर्शक देवरे मॅडमनी तर बजावून ठेवलं होतं, "त्यांनी विचारल्याशिवाय मिठाचं नाव काढायचं नाही."

तेवढ्यात देवरे मॅडम परीक्षकांना घेऊन आत आल्या. कोल्हापूरचे डॉ. घोरपडे. हा माणूस हसलेला कुणी पाहिला नव्हता, आणि त्यांच्या हातून पहिल्या फटक्यात सुटलेला विद्यार्थीही फारसा कुणाच्या ऐकिवात नव्हता. ते नमस्कार न करता टेबलाकडे गेले आणि दोन्ही चंबूंवर वाकले.

"हा निळा?"

"साधं सोनं, सर," वेदिका कशीबशी म्हणाली. "मीठ पडलं."

"आणि हा लाल?"

आता कुठे तिने उजवीकडच्या चंबूकडे पाहिलं. तो लालच होता. "डिंकाचा. यातही मीठ पडलंय."

"मीठ कळलं," घोरपडे म्हणाले. "मोहरी कशाला?"

दोन्ही चंबूंच्या तळाशी मोहरी दिसत होती. देवरे मॅडम पंख्याकडे बघू लागल्या.

"मोहरीबिगर दृष्ट निघत नाय, साहेब," आत्या खिडकीजवळून म्हणाली.

घोरपड्यांनी सावकाश चष्मा काढला. "या कोण?"

"माझी आत्या, सर."

"मीठ किती घातलं आत्याबाई?"

"मूठभर."

"वजन करून?"

"दृष्टीचं मीठ कोणी मोजतं व्हय?"

मग घोरपड्यांनी चष्मा चढवला. "एकदा घडलेल्यावर मी विश्वास ठेवत नाही. पुन्हा करून दाखवा. मूठ तीच, मीठ तेच. हा दुसऱ्यांदाही लाल राहिला, तर मी सही करतो. नाही राहिला, तर उमेदवाराने आणखी एक वर्ष काम करावं."

वेदिकाने कपाटातून राखीव जोडी काढली. देवरे मॅडमनी पुढे होऊन चंबू टेबलावर ठेवले, साधा डावीकडे, डिंकाचा उजवीकडे. आत्याने पदराची गाठ पुन्हा सोडली, मूठ भरली आणि ती तशीच उभी राहिली.

"घाला," घोरपडे म्हणाले.

"घाला काय? पोरीची काढून झाली. आता कोणाची काढू? माणूस नको?"

मॅडम झटकन मागे सरकल्या. घोरपड्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं.

"तोंड उगवतीला करा, साहेब."

घोरपड्यांनी खुर्ची फिरवली आणि ते हात मांडीवर ठेवून बसले. आत्याने घाई केली नाही. आल्यागेल्याची झाली, पैपाव्हण्याची झाली, कोल्हापूरच्या शेजारपाजाऱ्यांची झाली. मग तिने मूठ दोन्ही चंबूंत निम्मी निम्मी सोडली, आणि सगळे वाकले.

डावीकडचा चंबू निळा पडला, मघापेक्षाही लवकर. उजवीकडचा लाल होता. थोडा वेळ थांबले, तरी लालच होता.

घोरपड्यांनी खिशातून पेन काढलं. आत्या निळ्या चंबूकडे बघत होती.

"तुमालाबी लय लागली व्हती, साहेब."

"वाटलंच मला," घोरपडे म्हणाले, आणि त्यांनी सही केली.