मागचं डावं दार

विमानाची शिडी चढून वर येणाऱ्या बायकांमध्ये लताला तिची आई दिसली.

लताचे हात जोडलेलेच होते. आधी आलेल्या सगळ्यांना म्हटलं तसंच ती म्हणाली, "नमस्कार, या." भागीबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, लेकीकडे न बघता ती आत गेली आणि अगदी मागच्या रांगेत जाऊन बसली.

दोन वर्षं ती लेकीशी बोलली नव्हती. सिन्नरचं स्थळ ठरलं होतं, साखरपुड्याची साडीसुद्धा घरात आली होती, आणि पोरगी मुंबईला मुलाखत देऊन हवाई सुंदरी होऊन बसली. "नटूनथटून परक्यांपुढं उभं ऱ्हायचं, ह्ये काय काम झालं?" एवढं बोलून भागीबाईने जे तोंड मिटलं ते मिटलंच. वडील, सहादू, अधूनमधून मुंबईला येऊन भेटून जायचे. आई कधी आली नाही. आज आली ती अशी, गावातल्या, सायखेड्याच्या बायाबापड्यांबरोबर टेम्पोत बसून.

शहात्तर सालचा उन्हाळा होता. लताच्या विमान कंपनीने नवं जेट विमान आणलं होतं. एवढं रुंद, की आत माणसांना ये-जा करायला एक सोडून दोन वाटा. पण उतारू घेऊन उडण्याआधी एक परीक्षा द्यावी लागणार होती. अपघात झालाय असं समजायचं आणि निम्मी दारं बंद ठेवून दीड मिनिटात भरलेलं विमान रिकामं करायचं. उतारूही कधी विमानात न बसलेलेच हवेत. म्हणून नाशिकजवळच्या धावपट्टीवर विमान उभं केलं होतं आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं आणली होती. आदल्या दिवशीचा प्रयत्न फसला होता. आज फसला तर पहिलं उड्डाण लांबणार होतं आणि लताच्या तुकडीची रवानगी जमिनीवरच्या कामावर होणार होती.

लताकडे मागचं डावं दार होतं. प्रशिक्षक बाईंनी सकाळीच बजावलं होतं, "दारात कोणी थबकलं तर दोन्ही हातांनी ढकला. कोण आहे ते बघायचं नाही. एक अडला की मागचे पन्नास अडले."

खिडक्यांच्या झडपा लागल्या. दिवे गेले. भोंगा कर्कश वाजू लागला. कुठे तरी एक म्हातारी किंचाळली.

लताने दाराच्या काचेतून बाहेर नजर टाकली, सगळा जोर लावून दार उघडलं. फुस्सदिशी घसरगुंडी फुगून खालपर्यंत पसरली. "इकडे या! सामान ठेवा! उडी मारा!" ती ओरडली. आणि सगळ्यांत पहिली दाराशी आली ती भागीबाई.

ती आली आणि थांबली. दोन्ही बाजूंना हात रोवून, दार अडवून उभी राहिली. खाली जमीन घराच्या छपरावरून दिसावी त्याहून खोल होती. गाद्या अंथरलेल्या, त्यांच्याभोवती माणसं सज्ज. पण भागीबाईला दिसत होती ती फक्त खोली.

"लते," ती म्हणाली, "लय खोल हाय गं."

दोन वर्षांतला हा पहिला शब्द. लताला वाटलं, तिला मागे घ्यावं, छातीशी धरावं, म्हणावं राहू दे. मागून माणसं रेटत होती. कुणाचं कोपर लताच्या पाठीत बसलं. भोंगा वाजतच होता.

"आई, हात सोड."

हात सुटले नाहीत.

लताने दोन्ही तळहात आईच्या पाठीवर ठेवले आणि तिला ढकललं.

मग तिने खाली पाहिलंच नाही. "पुढचे! पुढचे! उडी मारा!" धोतरं, लुगडी, पायजमे, एकामागून एक दारातून गेले. शेवटी अंधारात सगळ्या रांगा तपासून, कोणी मागे राहिलं नाही अशी खात्री करून तिने स्वतः उडी घेतली. पाय जमिनीला लागले तेव्हा खाली उभ्या असलेल्या सरकारी तपासनिसाने घड्याळ थांबवलं. त्याने आकडा दोनदा वाचला आणि हात उंच केला. वेळ अजून शिल्लक होता. कप्तानाने टोपी उडवली. प्रशिक्षक बाई, ज्या कधी हसत नसत, त्यांनी लताला मिठीच मारली.

लता मात्र मिठीतून सुटून आईला शोधू लागली.

भागीबाई गवतावर बसली होती. बांगड्या फुटल्या होत्या, कोपर खरचटलं होतं, केस मोकळे झाले होते. शेजारची कुसाबाई कपाळावर हात मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होती, "सख्ख्या आईला ढकललं गं बया! पोटच्या पोरीनं!" हसणारी, टाळ्या पिटणारी माणसं वळून बघू लागली. प्रशिक्षक बाईंनी चमकून लताकडे पाहिलं.

लता जवळ जाऊन उभी राहिली.

भागीबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली. पदर झटकून तिने खांद्यावर घेतला. विमानाकडे बघितलं, त्या उंच दाराकडे बघितलं, आणि लेकीला वळसा घालून ती थेट प्रशिक्षक बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "ह्ये इमान उडंल तवा मलाबी तिकीट द्या. पण जागा माझ्या पोरीच्या दाराजवळच पायजे."