साठ गोल

“मिशी,” बेकरीवाला म्हणाला. “दुसरं काही नको आपल्याला.”

सलूनमधली सगळी डोकी कुलुपवाल्याकडे वळली. त्याची मिशी म्हणजे अख्ख्या गल्लीचा ऐवज. दोन्ही टोकं वर, मेण लावून ताठ. तो वळणावरून यायच्या आधी ती यायची.

“आणि तू हरलास तर?” त्यानं विचारलं.

“चौकात स्टुलावर उभा राहून कोंबड्यासारखा आरवेन. तीनदा.”

“लागली.”

पैज साधी होती. पुढच्या महिन्यात सातवीची क्षमता चाचणी. सगळ्या शाळांना एकच पेपर, तपासणार मशीन. कुलुपवाल्याची टिकली आणि बेकरीवाल्याचा ढब्बू, दोघं एकाच वर्गात. ज्याला कमी मार्क, त्याचा बाप हरला.

“त्यात काय एवढं?” सलूनवाले काका वस्तरा पुसत म्हणाले. “साठ प्रश्न. प्रत्येकाला चार गोल, एक काळा करायचा. डोळे मिटून केले तरी पंधराएक बरोबर येतात.”

“म्हणजे ढब्बूचे पंधरा पक्के,” कुलुपवाला म्हणाला. सलूनभर हशा पिकला. बेकरीवालाही हसला, ते मात्र कुलुपवाल्याला फारसं आवडलं नाही.

घरी त्यानं टिकलीला सांगितलं.

“मला विचारायचं तरी, बाबा.”

“मिशी माझी. तुला काय विचारायचं? आणि हे बघ, पंचेचाळीसच्या वर आलीस की टेकडीवरची निवासी शाळा. त्यांचं गेट बघून आलोय मी. काय कुलूप आहे, वा!”

“मला नाही जायचं तिथं. बारावीपर्यंत डांबून ठेवतात.”

“पंचेचाळीस आले की जायचंच. विषय संपला.”

टिकलीनं आईकडे बघितलं. आईनं हातातल्या पातेल्याकडे.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की टिकली मागच्या खोलीत. खोलीला एक खिडकी, खिडकीला गज. दाराला त्यानं दुकानातलं सगळ्यात भारी कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. रोज एक सराव पेपर. संध्याकाळी तो स्वतः लाल पेन्सिल घेऊन उत्तरं ताडून बघायचा.

पहिल्या पेपरात एकतीस आले.

“चालतंय. सुरुवात आहे.”

आठवड्यानं बावीस. त्यानं मोबाइल काढून घेतला. मग चौदा. त्यानं टीव्हीची वायरच कापली. मग नऊ.

“अगं, लोक वर चढतात, तू खाली काय उतरतेस?”

टिकली मान खाली घालून बसली. “डोकंच चालत नाही इथं, बाबा. भिंती अंगावर येतात.”

जेवणं झाली की तिची आई दुधाचा पेला घेऊन आत जायची. कुलूप तोच उघडून द्यायचा. ती तासभर बसायची.

“काय करता दोघी इतका वेळ?”

“धीर देते,” ती म्हणायची. “कुणीतरी द्यायला हवा ना.”

चाचणीच्या आदल्या दिवशी साठपैकी दोन आले. त्यानं लाल पेन्सिल मोडली. थोड्या वेळानं दाराला कान लावला, तर आतून बायकोचा दबका आवाज आला.

“आता दोनच राहिलेत, बाळा. होईल.”

तो पाय न वाजवता मागं फिरला.

पैज मोडायचा प्रयत्न त्यानं करून बघितला नव्हता असं नाही. “पोरांवर ताण येतो रे,” तो बेकरीवाल्याला म्हणाला होता.

“पोरांवर येतोय की मिशीवर?”

तोवर बातमी पार बसथांब्यापर्यंत पोचली होती. तो दिसला की बारकी पोरं नाकाखाली दोन बोटांची कात्री चालवायची. पाव आणायला तो लांबच्या गल्लीत जाऊ लागला. खोलीचं कुलूप काढून टाकावं असंही मनात आलं, पण मग हरलो म्हटल्यासारखंच झालं असतं. किल्ली त्याच्या गळ्यात होती, तरी त्याला कुठं बाहेर पडता येईना.

निकाल शाळेच्या फलकावर लागला. ढब्बू, एकोणीस. टिकली, शून्य.

तो तडक बाईंकडे गेला. “मशीन बिघडलंय तुमचं.”

बाईंनी टिकलीची उत्तरपत्रिका काढली. साठच्या साठ गोल काळेभोर, एकही रेघेबाहेर गेलेला नाही. शेजारी बरोबर उत्तरांचा कागद ठेवून त्यांनी बोट फिरवत नेलं. एकही जुळला नाही.

“इतकं स्वच्छ काम मी या वर्गात बघितलं नाही,” बाई म्हणाल्या. “पण निवासी शाळेचं आता विसरा.”

सलूनची खुर्ची चौकात आली. काकांनी कुलुपवाल्याच्या गळ्याशी कापडाची गाठ मारली. आरसा धरायचा मान बेकरीवाल्यानं मागून घेतला होता. आरवायचं स्टूल रिकामंच होतं, त्यावर ढब्बू चढून बसला. टाळ्या वाजल्या आणि उजवी बाजू गेली.

डाव्या बाजूला साबण लावता लावता काकांचा हात थबकला.

“साठही गोल रंगवले होते पोरीनं?”

“सगळे.”

“आणि एकही बरोबर नाही?”

“नाही म्हटलं ना. जखमेवर मीठ कशाला चोळता?”

“तसं नाही रे...” काका ब्रश हवेत धरून उभे राहिले. “डोळे मिटून केले तरी पंधराएक येतात.”

टाळ्या थांबल्या. कुलुपवाला उठायला गेला, पण गाठ पक्की होती. आरशात त्याचं अर्धं तोंड दिसलं. त्यामागे टिकली उभी होती, ओठ गच्च मिटून, गाल फुगवून. तिच्या खांद्यावर आईचा हात होता.

“थांबलात का, काका?” आई म्हणाली. “उरलेली अर्धीही काढा. अठरा वर्षं टोचतेय.”